टोचन

अब्बांनी जीप विकली ते साल २००३. त्याच आठवड्यात माझा बीएडला नंबर लागला होता. या दोन गोष्टी आमच्या घरात कुणी कधी जोडून बोललं नाही. अब्बा म्हणाले, गिऱ्हाईक चांगलं आलं. अम्मी म्हणाली, गाडी म्हातारी झाली होती. मी पेटी घेऊन धुळ्याला गेले आणि अब्बा दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच्या जीपवर रोजंदारीनं बसायला लागले. अक्कलकुवा ते मोलगी, मोलगी ते अक्कलकुवा. रस्ता तोच, देवगोईचा घाट तोच. फक्त संध्याकाळी मालकाच्या घरी किल्ली देऊन पायी घरी यायचं.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना अक्कलकुवा म्हटलं की जामिया आठवते. पण गाव मुळात सातपुड्याच्या पायथ्याचं. वर डोंगरात मोलगी, त्याच्या पलीकडे धडगाव, मध्ये शेकडो पाडे. एसटी जायची, पण तिची वेळ आणि माणसांची वेळ जुळायची नाही. मग जीप. खाली येताना आमचूर, मोहाची फुलं, भगर, कोंबड्या आणि माणसं. वर जाताना मीठ, तेल, पत्रे आणि तीच माणसं. अब्बा किती सवाऱ्या घ्यायचे हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिते: नऊच्या जागी अठरा तरी असायचेच, दोघं-तिघं मागच्या फळीवर उभे. त्या काळी सगळेच असं करायचे हे खरं, आणि त्यापायी घाटात माणसं मेली हेही खरं. अब्बांच्या हातून कधी अपघात झाला नाही. ते त्याचं श्रेय स्वतःकडे घेत नाहीत, म्हणून मीही देत नाही.

डिसेंबर २०२२. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा एक हप्ता जमा झाला होता आणि मालेगावहून मामूंचा फोन आला. एका बंद पडलेल्या सायझिंगच्या आवारात जुनी जीप उभी आहे, मालकाला जागा मोकळी करायची आहे, भंगारवाला बघून गेलाय. मामूंनी मोबाइलवर फोटो पाठवला. हिरवा रंग उडालेला, हूड नाही, पण ते उंच बोनेट आणि बाहेर आलेले दिवे मी लगेच ओळखले. अब्बांची होती तशीच, सीजे-थ्री-बी. तीच नव्हे, हे आधीच सांगून टाकते. तीच गाडी वीस वर्षांनी परत मिळते ते सिनेमात.

मुलांचे अब्बा म्हणाले, "सोन्याचा भाव बघितलास का? त्या पैशात मुलीचं काहीतरी होईल." बरोबरच होतं त्यांचं. मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बँकेचं पासबुक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "पण मी धक्का मारायला येणार नाही."

अब्बांना मी सांगितलं तेव्हा वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील. तसं काही झालं नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आरसी बुक कुणाच्या नावावर आहे?" दुसरा, "चेसिस नंबर बघितला?" तिसरा प्रश्न विचारताना आवाज चढला, "तुला कुणी सांगितलं होतं?" त्या तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्या दोन प्रश्नांसाठी आम्ही शनिवारी दुपारी मालेगावला पोचलो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी अब्बांकडून एवढं तरी शिकावं. ते बोनेट उघडायच्या आधी कागद मागतात. आरसीवरचा चेसिस नंबर आणि लोखंडावर ठोकलेला नंबर एकच आहे का, हे बघायला त्यांनी खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. चेसिसवरची माती घासून कागद वर ठेवला आणि पेन्सिल आडवी फिरवली. आकडे उमटले. मग इंजिन. अशा पुष्कळ पेट्रोल जीपांना नंतर डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर त्याची नोंदच नसते. मग आरटीओच्या खिडकीवर जन्म जातो. हिचं इंजिन मूळचं पेट्रोलचंच होतं, १९७४ ची गाडी, आणि कागद जुळत होते. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं होतं. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. तेवढे पैसे अब्बांनी किमतीतून वळते करून घेतले. मालक म्हणाला, "चाचा, तुम्ही वकील आहात का?"

सहा वर्षं उभी असल्यानं ती सुरू होणार नव्हती. ड्रायव्हरच्या सीटखाली या जीपची पेट्रोलची टाकी असते. सीट उचलून अब्बांनी आत बोट फिरवलं तर बोटाला गंजाचा चिखल लागला. म्हणजे इंजिन घरी नेऊनच उघडायचं. प्रश्न एकच उरला, न्यायची कशी? मालेगाव ते अक्कलकुवा दोनशे किलोमीटरच्या आसपास. पाठीवर गाडी वाहून नेणाऱ्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून माझा धाकटा भाऊ हसला. त्याची स्वतःची बोलेरो आहे, भाड्यानं चालवतो. म्हणाला, "नुसत्या डिझेलमध्ये टोचन करून नेतो."

टोचन हा शब्द मी कुठल्या कोशात शोधला नाही, पण आमच्याकडे ड्रायव्हर लोकांत दुसरा शब्दच नाही. बंद गाडी दोरीनं किंवा दांड्यानं दुसऱ्या गाडीला बांधून ओढायची, ते टोचन. अब्बा म्हणाले, "टोचन गॅरेजपर्यंत असतं, घरापर्यंत नसतं." आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. मी नंतर १९८९ चे, २०१७ पर्यंत लागू असलेले रस्त्याचे नियम काढून वाचले. त्यांत बिघडलेली गाडी ओढायला परवानगी होती ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. मागच्या गाडीत ड्रायव्हर बसलेला लागे. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नसे. दोर लोकांना दिसावा लागे, मागे पाटी लागे, आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर चालत नसे. अब्बांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं, पण सगळं माहीत होतं. म्हणून पुढचं जे सांगते आहे ते अभिमानानं सांगत नाही. आम्ही नियम मोडला, आणि घरात शिक्षिका असून मोडला.

रविवारी फजरनंतर उजाडायची वाट बघून निघालो. धाकट्यानं नायलॉनचा दोर आणला होता. अब्बांनी तो हातात घेऊन ताणून पाहिला आणि परत दिला. नायलॉन रबरासारखा ताणतो, आणि तुटला तर त्याच्या टोकाचा हूक गोळीसारखा येतो. मामूंच्या शेजाऱ्याकडून जाड सुती दोर मिळाला. अब्बांनी तो बंपरला बांधू दिला नाही. खाली वाकून चेसिसच्या टोकांना फिरवला. दोराच्या मध्यावर माझी लाल ओढणी बांधली. मागे पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरांत "टोचन" लिहून लावलं. माझ्या बीएडचा त्या दिवशी एवढाच उपयोग झाला.

स्टिअरिंगवर कोण बसणार यावर बोलणंच झालं नाही. अब्बा चढून बसले होते. वय सत्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी त्यांच्या शेजारी. माझं काम रुमाल हलवण्याचं. रुमाल वर धरला की धाकट्यानं आरशात बघून हळू व्हायचं, दोन्ही हात वर केले की थांबायचं.

गाडी हलायच्या आधी अब्बांनी धाकट्याला खिडकीशी बोलावलं. "ब्रेक तू मारायचा नाही. तू फक्त रेस सोडायची. ब्रेक मी मारीन, दोघांचाही." धाकट्यानं मान हलवली. मला तेव्हा कळलं नाही, पुढे पाच-दहा किलोमीटर गेल्यावर कळलं. पुढच्यानं पाय ब्रेकवर ठेवला की दोर ढिला पडतो, मागची गाडी त्याच्या अंगावर जाते, मग पुन्हा रेस दिली की झटका बसतो. दोर कायम ताणलेला राहिला तरच दोन्ही गाड्या एक होतात, आणि तो ताणलेला ठेवणं मागच्याच्या पायात असतं. इंजिन नाही, आवाज नाही, तरी अब्बा गाडी चालवत होते. मला म्हणाले, "बेटा, रोड को मत देख, रस्सी को देख." मी शंभर किलोमीटर माझी लाल ओढणीच बघत बसले.

या जीपला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असतात. एकानं पुढच्या चाकांना ताकद जाते किंवा तुटते, दुसऱ्यानं जड आणि हलका गिअर बदलतो, आणि या दुसऱ्याच्या मधल्या जागी गाडी मोकळी होते. टोचन करताना दांडा त्या मधल्या जागी ठेवायचा. पण मोकळी म्हणजे पूर्ण मोकळी नव्हे. मागची चाकं फिरतात तसा प्रॉपलर शाफ्ट फिरतो आणि त्याच्याबरोबर ट्रान्सफरच्या डब्यातलं बाहेरचं टोक फिरत राहतं. आतली मधली चाकं मात्र थांबलेली असतात, त्यामुळे तेल उडून वर येत नाही आणि बेअरिंग कोरडं पडतं. जवळ जायचं असेल तर चालतं. लांब जायचं तर मागचा शाफ्ट खोलून ठेवावा.

"मग खोलू या ना," मी म्हणाले.

अब्बा म्हणाले, "खोलला तर हँडब्रेक जाईल."

वीस वर्षं त्यांच्या जीपमध्ये बसूनही हे मला माहीत नव्हतं. आताच्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. या जुन्या जीपचा धरतो शाफ्टला. ट्रान्सफरच्या मागे एक छोटा ड्रम असतो. तो आवळला की शाफ्ट थांबतो आणि शाफ्ट थांबला की चाकं थांबतात. शाफ्टच काढून ठेवला तर ड्रम आवळून काय होणार? म्हणजे शाफ्ट ठेवला तर ट्रान्सफर जळायची भीती, काढला तर उतारावर एकट्या पायाच्या ब्रेकवर भरवसा. आणि तो ब्रेक सहा वर्षं सुकलेला, आदल्या दिवशी तेल घालून कसाबसा जिवंत केलेला. अब्बांनी शाफ्ट ठेवला. धुळ्याच्या आधी लळिंगचा घाट उतरायचा होता.

लळिंगला आम्ही वरच थांबलो. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत होते. अब्बांनी खाली उतरून चारही चाकांच्या ड्रमला हात लावून बघितला, पाणी प्यायले, आणि उतारभर एक हात हँडब्रेकवर ठेवून गाडी आणली. दोर एकदाही ढिला पडला नाही. वर किल्ला दिसत होता, मी तो बघितलाही नाही. खाली आल्यावर धाकटा बोलेरोतून उतरून आला आणि म्हणाला, "अब्बा, मला वाटलं मागे कुणी नाहीच." माझ्या आठवणीत त्यानं अब्बांचं केलेलं हे पहिलं कौतुक.

सोनगीरला वास आला. जळक्या तेलाचा वास मी लहानपणापासून ओळखते. दोन्ही हात वर केले. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. आम्ही एका दुकानासमोर थांबलो आणि अब्बा सरळ जीपखाली गेले. बाहेर आले ते तळहातावर फुंकर घालत. ट्रान्सफरचा डबा हात ठेवता येणार नाही इतका तापला होता. लळिंगच्या उतारावर ड्रम तापला, त्यात सीलमधून तेल गळलं, उरलेलं कमी पडलं. आता शाफ्ट काढण्यावाचून इलाज नव्हता.

शाफ्ट निघायला तास गेला. गंजलेले बोल्ट, पाने आमच्याकडे अपुरे. दुकानदारानं आतून पाना आणून दिला, चहा दिला, आणि जीपकडे बघत म्हणाला, "महिंद्रा अँड मोहम्मद."

हा विषय आपल्या घरांमध्ये निघाला की थांबत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. १९४५ मध्ये महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर जी कंपनी काढली तिचं नाव खरोखरच महिंद्रा अँड मोहम्मद होतं. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्यानंतर मुंबईच्या माझगावात अमेरिकेच्या विलीज जीपांची जुळणी सुरू झाली, आणि ही उंच बोनेटची गाडी अमेरिकेत १९६८ मध्ये बंद पडली तरी आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं निघत राहिली. मी नववीच्या वर्गात हे सांगते तेव्हा मुलं डोळे मोठे करतात. काही मोठी माणसं मात्र हे सांगताना अशी हळहळतात की जणू त्यांच्याच घरची कंपनी गेली. मला ते पटत नाही. जो गेला तो मंत्री व्हायला गेला. जे राहिले त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी त्याच कंपनीच्या गाड्या चालवून, दुरुस्त करून घरं चालवली. आमचंही त्यातलंच एक.

शाफ्ट हातात आला. अब्बांनी त्याच्या क्रॉसमधलं बेअरिंग निसटू नये म्हणून चिंधीनं बांधलं, माझ्या मांडीवर दिला आणि म्हणाले, "अब रस्सी पे घर नही जाना." धाकट्यानं घड्याळ बघितलं. दोंडाईचा चाळीस किलोमीटर, तिथून शहादा, तळोदा, घर. रस्ता बहुतेक सपाट. गाडी बोलवायची तर कोणाला, पैसे किती, रविवार आहे. दोघांचं वाजलं. मी नेहमीसारखी मध्ये पडले आणि शिक्षिकेचा आवाज काढून म्हणाले, "दोंडाईचापर्यंत जाऊ, तिथे बघू." तो निर्णय माझा होता. धाकट्याला पुढे बोलणी बसली ती खरं तर माझ्या वाट्याची.

महामार्ग सोडून आम्ही चिमठाण्याच्या रस्त्याला लागलो. दुपार झाली होती, दोन्ही बाजूला कापूस वेचून झालेली शेतं. एका नाल्यावर रस्ता खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो, मोठा उतार नव्हे, सायकलवाला पेडल न मारता जाईल एवढाच. आमची बोलेरो तळाशी पोचायला आणि बाभळीतून शेळ्यांचा कळप रस्त्यावर यायला एकच गाठ पडली. धाकट्यानं ब्रेक मारला. दुसरा कुणीही तेच केलं असतं.

लाल ओढणी रस्त्यावर पडलेली मला दिसली. अब्बांनी पाय दाबला, पुन्हा दाबला, तिसऱ्यांदा पॅडल पत्र्याला टेकल्याचा आवाज झाला. डावा हात सवयीनं हँडब्रेकवर गेला आणि त्यांनी तो खेचला, पूर्ण खेचला, आणि त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं. जे असायला हवं होतं ते माझ्या मांडीवर चिंधी बांधून पडलं होतं. मग त्यांनी स्टिअरिंग डावीकडे तोडलं. जीप रस्ता सोडून मऊ मातीत घुसली, दोर आडवा ताणला गेला, मागून कुणीतरी मानेला धरून ओढावं तसा हिसका बसला, आणि आम्ही थांबलो. बोलेरोचा मागचा दिवा आणि आमचा बंपर यात वीतभर अंतर होतं. शेळ्या निघून गेल्या. मेंढपाळ पोरगा, दहा-बारा वर्षांचा, आमच्याकडे बघत उभा राहिला.

धाकटा धावत आला. अब्बा ओरडतील असं मला वाटलं. ते खाली उतरले, दोराची गाठ सोडली, दोर नीट गुंडाळला, माझी ओढणी झटकून मला दिली. मग शेताच्या बांधावर बसले. त्यांचे हात थरथरत होते आणि ते त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले. मी अब्बांना घाटात मुसळधार पावसात गाडी आणताना पाहिलं आहे. हात थरथरताना पाहिले नव्हते.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्या दिवशी विकली तेव्हा रडलो नाही. आज तू बाजूला होतीस म्हणून..." आणि वाक्य तिथेच सोडलं. मी विचारलं नाही. जोहरची वेळ झाली होती, त्यांनी बाटलीतल्या पाण्यानं वजू केलं आणि शेतातच नमाज पढले. आम्हीही पढलो.

तासाभरात धुळ्याकडून एक रिकामी आयशर आली. नंदुरबारची मिरची धुळ्याला टाकून ती शहाद्याला पपई भरायला चालली होती. ही जीप साडेतीन मीटरसुद्धा लांब नाही आणि वजन टनाच्या आसपास. चौदा फुटी आयशरमध्ये आरामात बसते. पैशांचं धाकट्यानं बघितलं, साडेचार हजार, अक्कलकुव्यापर्यंत. सकाळच्या आकड्याच्या निम्मेसुद्धा नाहीत हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ते मोठ्यानं बोलून दाखवलं नाही, हेही मी नोंदवून ठेवते.

चढवायची कशी हा प्रश्न ट्रकच्या ड्रायव्हरनं सोडवला. त्यानं आयशर मागे घेत नाल्याच्या कडेला अशी लावली की तिचा फाळका आणि शेताचा बांध एका पातळीत आले. दोन फळ्या टाकल्या. शेतात काम करणारी माणसं आली, मेंढपाळाचं पोरगं आलं. पण अब्बांनी आधी शाफ्ट मागितला. आम्ही सगळे उभे आणि ते पुन्हा खाली झोपून शाफ्ट बसवताहेत. कारण ट्रकच्या पाठीवर जीपला गिअरमध्ये टाकता आलं पाहिजे आणि हँडब्रेक लागला पाहिजे. मग ढकलली. चाकांपुढे-मागे दगड, दोर बंपरला नव्हे तर ॲक्सलला आवळले. सकाळचाच तो सुती दोर.

मिरचीच्या ट्रकमध्ये कोपऱ्याकोपऱ्यांत पूड साचलेली असते. धाकटा शिंकत-शिंकत खाली उतरला. अब्बा ट्रकमध्येच, जीपच्या सीटवर बसून येतो म्हणाले. ड्रायव्हरनं ऐकलं नाही, त्यांना केबिनमध्ये बसवलं. मी आणि धाकटा बोलेरोत मागे.

सारंगखेड्याला मावळतीला पोचलो आणि अडकलो. दत्तजयंतीनंतरचे दिवस, घोड्यांचा बाजार भरलेला. तापीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग, त्यात अर्ध्या गाड्यांत घोडे. पांढरे, अबलख, डोळ्यांवर झूल. आमची आयशर त्यांच्यामध्ये उभी, तिच्यात हिरवी जीप दोरांनी बांधलेली, तोंड मागे करून. दोन जणांनी थांबून विचारलं, "केवढ्याला दिली?" एकानं टायर दाबून बघितलं. अब्बा केबिनमधून उतरून त्यांच्याशी बोलत राहिले, आणि मी ऐकलं, ते दादांची गोष्ट सांगत होते. दादांचा टांगा होता. घोडी त्यांनी याच बाजारातून घेतली होती, दात बघून आणि छातीवरचा देवमण बघून. देवमणावर त्यांचा विश्वास नव्हता, पण विकणारा त्याचे पैसे जास्त मागत होता म्हणून बघणं भाग होतं. आणि लगाम धरून, तिच्या शेजारून चालत दोन दिवसांत अक्कलकुव्याला आणली होती. नव्या जनावरावर पहिल्याच दिवशी बसायचं नाही, असं ते म्हणत. ऐकणारा म्हणाला, "चाचा, तुमची तर उलटी गोष्ट झाली, घोडीच ट्रकात बसली." अब्बा हसले. त्या दिवशी पहिल्यांदा.

घरी पोचायला साडेदहा वाजले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आमचूरच्या व्यापाऱ्याचं गोदाम आहे, त्याच्या ओट्याला ट्रक लावून जीप उतरवली. सगळी गल्ली जागी. मुलांचे अब्बा धक्का मारायला येणार नव्हते, ते सगळ्यांत पुढे होते. अम्मीनं दारातून बघितलं आणि म्हणाली, "माझे पापड कुठे वाळवू?"

जीप सुरू व्हायला चौदा महिने लागले. टाकी नवी करावी लागली, ब्रेकचे चारही सिलिंडर बदलले, ट्रान्सफरचं ते बेअरिंग गेलंच होतं. अब्बांनी मिस्त्रीला घरी बोलावलं पण सुटं केलेलं सामान उचलून नेऊ दिलं नाही. अंगणात वर्तमानपत्रं पसरून प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या डबीत ठेवले आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम मला दिलं. मिस्त्री मराठी वाचतो, अब्बा उर्दू, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठी दोनदा. आरसी बुक माझ्या नावावर आहे. गाडी फक्त मी चालवायची, असं अब्बांनी ठरवलं आहे. गल्लीतून शाळेच्या मैदानापर्यंत आणि परत, ते शेजारी बसून. परवा मी गिअर टाकताना खडखडाट झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि काही बोलले नाहीत. देवगोईचा घाट उन्हाळ्याच्या सुट्टीत, असं ठरलं आहे. एका डबीतले दोन स्क्रू मात्र उरलेत. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, "हँडब्रेक, मागचे". ते कुठे बसतात हे मिस्त्रीला माहीत नाही आणि अब्बा सांगत नाहीत. म्हणतात, तूच शोध.